गॅमीट हा शब्द मेंडेलचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आनुवंशिकतेवरचा लेख आवडला. मात्र 'गॅमीट हा शब्द मेंडेलने दिला' हे त्यातले विधान खटकले. गॅमीट म्हणजे युग्मक, दुसऱ्या पेशीशी मिसळून नवा जीव घडवणारी प्रजननपेशी. इंटरनेटवर ते जागोजागी आढळते, तिथूनच लेखात आले असावे. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ साली छापला गेला. त्यात तो रोजच्या जर्मनमध्ये 'बीजपेशी' आणि 'परागपेशी' म्हणून मोकळा होतो. गॅमीट हा शब्द रूढ केला एडुआर्ड स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८७० च्या दशकाच्या अखेरीस. हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी) आणि डिप्लॉइड (दोन संच असलेली) हे शब्दही त्याचेच, १९०५ सालचे. इंग्रज जीवशास्त्रज्ञ बेटसनने १९०२ मध्ये मेंडेलचे काम इंग्रजी वाचकांपुढे मांडताना गॅमीट सर्रास वापरला. पुढे 'गॅमीटांच्या शुद्धतेचा नियम' (प्रत्येक गॅमीटात जोडीतला एकच घटक जातो) मेंडेलच्या नावावर पाठ्यपुस्तकांत गेला आणि त्यासोबत शब्दही गेला, असा माझा तर्क आहे.

मुळात नव्या शब्दाची गरज का पडली, हे लेखात यायला हवे होते. शुक्राणू लेव्हेनहुकने १६७७ मध्येच पाहिले होते, सस्तन प्राण्याचे अंडे फोन बेअरने १८२७ मध्ये शोधले. दोहोंना आपापली नावे होती, काम भागत होते. पंचाईत केली ती शेवाळाने. प्रिंग्सहाइमने १८६९ मध्ये पॅन्डोरिना या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळात पोहणाऱ्या दोन पेशी एकमेकींत मिसळताना पाहिल्या. कित्येक शेवाळांत अशा दोन्ही पेशी आकाराने, रूपाने अगदी सारख्या असतात. त्यातली नर कोणती नि मादी कोणती, कोण सांगणार? म्हणून दोघींना चालेल असे नाव लागले. ग्रीकमध्ये 'गॅमेटेस' म्हणजे नवरा आणि 'गॅमेटे' म्हणजे बायको. मोनोगॅमी-पॉलिगॅमीतला 'गॅमोस' म्हणजे लग्न, तो याच कुळातला. आपल्या शालेय पुस्तकांतला 'युग्मक' मला म्हणूनच नेमका वाटतो. तोही नर-मादी न ठरवता फक्त जोडी सांगतो.

आणखी एक दुरुस्ती. चौकटीत 'परागकण म्हणजे नर युग्मक' असे छापले आहे. परागकण हे युग्मक नव्हेत, ते युग्मके वाहून नेतात. मक्याच्या कणसाचे जे केस आपण सोलून फेकतो, त्या प्रत्येक केसातून एक परागनलिका दोन नर युग्मके खाली दाण्यापर्यंत नेते. एक अंडपेशीशी मिसळून गर्भ होतो, दुसऱ्यापासून भ्रूणपोष, म्हणजे गर्भाला पोसणारा साठा, तयार होतो. भाजलेल्या कणसात आपण मुख्यतः खातो तो हाच. सपुष्प वनस्पतींतले हे दुहेरी फलन नावाशिनने १८९८ मध्ये लक्षात आणून दिले.

अशा चौकटी कापून शाळेच्या फलकावर लावल्या जातात, दहावीची मुले त्या उतरवून घेतात. तेव्हा पुढच्या रविवारी दोन्ही दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा