जामिनाच्या कागदावर सही करण्याआधी

रामबाग, इंदूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तू फोन न करता एवढं लांब लिहिलंस, म्हणून मीही बसून लिहितोय. आज शूट नाही. उद्या आहे की नाही ते रात्री आठपर्यंत कळेल. भाच्याला या धंद्याची ओळख करून द्यायची तर इथूनच कर.

ताईच्या मुलाला माझ्यासारखा स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधून चालता चालता हिसका न बसता शॉट घ्यायचं कॅमेऱ्याचं यंत्र, घ्यायचाय, बँक कर्ज द्यायला तयार आहे आणि जामीन म्हणून तुझी सही हवी आहे. करू का, असं तू विचारतोस. माझं उत्तर: आत्ता करू नकोस. पण नुसतं ‘नको’ कळवलं तर पोरगं म्हणेल, मामाच्या मित्राला नवा भिडू नकोय. म्हणून कारणं लिहितो, त्यालाही वाचायला दे.

आधी यंत्र काय करतं ते. अंगात व्हेस्ट, व्हेस्टला स्प्रिंगचा दोन सांध्यांचा आर्म, आर्मच्या टोकाला एक उभा दांडा. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली मॉनिटर आणि बॅटऱ्या. दांडा जिथे पेलला जातो तिथे जिंबल असतो, सगळ्या दिशांना फिरणारा, आणि तो दांड्याच्या गुरुत्वमध्याच्या अगदी किंचित वर बसवायचा. सगळी मेख या ‘किंचित’मध्ये आहे. दांडा आडवा धरून सोडला की तो सरळ उभा व्हायला साधारण दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. झटकन उभा राहिला तर तळ जड झालाय. मग तुम्ही चालायला लागलात किंवा थांबलात की कॅमेरा लंबकासारखा झुलणार. फारच हळू उभा राहिला तर क्षितिज सांभाळता सांभाळता बोटं थकतात. लेन्स बदलली, बॅटरी बदलली की पुन्हा पहिल्यापासून तोल लावायचा. हे तो घरी व्हिडिओ पाहून शिकेल, त्याला हुशारी आहेच.

आर्म वजन उचलून धरतो, पावलांचा हिसका स्प्रिंगमध्ये जिरवतो. वजन मात्र कुठे जात नाही, व्हेस्टमार्फत कमरेवर येतं. कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या, वायरलेस, आर्म, व्हेस्ट सगळं धरून 25-30 किलो सहज होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कॅमेरा तरंगतोय म्हणजे माणूसही मजेत असेल. माझ्या फिजिओथेरपिस्टला विचार.

कॅमेरा तरंगत ठेवला यंत्राने. आता चालायचं कोणी? बाळ्या, मला दिवसाचे पैसे मिळतात ते या चालण्याचे. गुडघे किंचित सैल, पाऊल टाचेकडून पंजाकडे उतरलेलं, कंबर एका पातळीत, आणि नजर वाटेवर नाही, खालच्या मॉनिटरवर. पालखीचे भोई चालतात ना, खांदा हलू न देता, तसं. भोयांना एक सुख आहे, पालखीतला देव मध्येच वळून दुसरीकडे बघत नाही. माझ्यापुढचा नट बघतो. कधी दोन पावलं आधी वळतो, कधी रिहर्सलला थांबला त्याच्या पुढे जाऊन थांबतो, आणि त्या क्षणी फ्रेम कुठे न्यायची हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

महेश्वरच्या घाटावरचा एक शॉट सांगतो, म्हणजे नीट कळेल. किल्ल्याच्या दारातून नायिका बाहेर पडते, पायऱ्या उतरत नर्मदेपर्यंत येते, कॅमेरा तिच्या पुढे, तिच्या चेहऱ्यावर, एका टेकमध्ये. पहिला प्रश्न: उलटं उतरायचं की सुलटं? उलट्या पावलांनी पायऱ्या उतरणं म्हणजे मागे व्हेस्ट धरून चालणाऱ्या अटेंडंटवर पूर्ण भिस्त. मी सुलटा उतरलो. तोंड नदीकडे, कॅमेरा मागे वळवलेला, आणि नायिका मला फक्त मॉनिटरमध्ये दिसतेय. पायऱ्यांचे दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, खालच्या ओल्या. त्यात नदीवरचा वारा. वाऱ्यात हा सगळा पसारा शिडासारखा फिरायला लागतो, म्हणून दोन सेटिंग दादा, सेटवरचे कामगार, काळ्या कापडाची फ्रेम धरून माझ्या बरोबरीने उतरत होते. तेही फ्रेममध्ये न येता.

ही झाली मजुरी. खरं काम पुढे आहे. रिहर्सलमध्ये माझ्या लक्षात आलं की पाणी नजरेला पडलं की ती एका पायरीवर क्षणभर थबकते. दिग्दर्शकाने तिला तसं सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच होत होतं. आता ती थबकली की कॅमेराही जागच्या जागी थांबवायचा का? थांबवला तर दोघांना कोणीतरी एका दोरीने ओढल्यासारखं दिसतं. मी ठरवलं, ती थांबली तरी मी दोन पायऱ्या उतरत राहायचं आणि मग हळूच विसावायचं. त्या दोन पायऱ्यांत ती फ्रेममध्ये लहान होते, मागचा किल्ला मोठा होतो आणि ती एकटी पडते. कोणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. टेक झाल्यावर डीओपी, म्हणजे मुख्य छायालेखक, फक्त म्हणाला, ‘‘यही रखेंगे.’’ आणि लोकांना कल्पना नसते, पण चालू लागण्यापेक्षा थांबणं अवघड. वजनाला पुढे जायचं असतं. माझे पाय थांबले तरी दांड्याला बोटांनी इतकंच अडवायचं की तो पुढेही झुकणार नाही आणि मागेही फेकला जाणार नाही.

फोकस पुलरचं, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याचं, नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे घेतो. तो फोकसचा वायरलेस रिमोट घेऊन छत्रीच्या आडोशाला उभा होता आणि माझ्या चालीवरून अंतर ओळखत होता. माझी लय एका पावलाने बिघडली की फोकस त्याचा जातो आणि बोलणीही तोच खातो. भाच्याला म्हणावं, आधी फोकस पुलरशी दोस्ती कर, आर्म मग घे.

यंत्राची एक गोष्ट त्याला आवडेल. गॅरेट ब्राउन हा फिलाडेल्फियाचा माणूस. सत्तरच्या दशकात त्याने हे बनवलं तेव्हा नमुना म्हणून काही शॉट घेतले. त्यातल्या एकात त्याची मैत्रीण तिथल्या आर्ट म्युझियमच्या पायऱ्या पळत होती. ती फिल्म एका दिग्दर्शकाने पाहिली आणि विचारलं, या पायऱ्या कुठे आहेत? त्यातून 1976 च्या ‘रॉकी’मधला पायऱ्या चढण्याचा प्रसंग निघाला. त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’त तर ब्राउन क्रेनवरून खाली आला, क्रेनवरून उतरला आणि तसाच गर्दीतून चालत गेला. 1978 मध्ये या शोधाला ऑस्कर मिळालं. पण मला या गोष्टीत वेगळंच दिसतं. ज्याने यंत्र बनवलं तोच ते अंगावर चढवून चालला. नुसतं बनवून विकलं असतं तर कोणाला कळलं असतं याने काय होऊ शकतं?

आता भाच्याचा दुसरा मुद्दा, की सगळे मोटरवाला जिंबल (हातात धरायचं वेगळं यंत्र, दांड्यावरचा जिंबल नव्हे) वापरतात, त्यापेक्षा आपण वरचढ दिसू. हे अर्धं खरं. 2013-14 च्या सुमारास मोव्ही आणि रोनिन आले आणि लग्नाच्या शूटिंगपासून जाहिरातींपर्यंत सगळं बदललं. तीन मोटरी कॅमेऱ्याचं वळणं, झुकणं, कलणं सांभाळतात. क्षितिज आपोआप सरळ राहतं. मात्र पावलागणिक होणारी वर-खाली उसळी जिंबलला थांबवता येत नाही, ती पायांनीच गिळावी लागते. स्टेडिकॅममध्ये उलट: उसळी आर्म गिळतो, क्षितिज माझ्या बोटांत असतं. म्हणून जिंबल शिकायला चार दिवस पुरतात आणि याला वर्षं जातात. 2016 मध्ये आलेल्या ट्रिनिटीत दोन्ही एकत्र आहेत, पण त्याची किंमत भाच्याला आत्ता सांगू नकोस.

माझ्याकडे दोन्ही आहे, आणि इंदूरात जिंबलच जास्त वेळा बाहेर पडतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, तर मी स्टेडिकॅम नेतच नाही. राजवाड्यापुढे लाखोंची गर्दी, टँकरवरून रंगाचं पाणी, मशीनमधून मजल्यांच्या वर उडणारा गुलाल. तिथे कुणाचा नुसता खांदा दांड्याला लागला तरी शॉट गेला, आणि गुलालाची पूड बेअरिंगमध्ये शिरली की हजारोंचा फटका. छोटा कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आणि गाडीवर चढायचं. कोणतं यंत्र कुठे न्यायचं नाही हे ज्याला कळतं त्यालाच लोक दुसऱ्यांदा बोलावतात.

सराफ्यात मात्र नेतो. सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, तुला सांगायला नकोच. कढईची वाफ लेन्सवर बसते, फरशी तेलकट असते आणि प्रत्येक गिऱ्हाईक थेट लेन्समध्ये बघतं. मुंबईचं युनिट आलं की तिथे रात्रभर माइकवर ओरडत बसतं. मी संध्याकाळीच जातो, भुट्ट्याचा कीस खातो, दोन-चार दुकानदारांना सांगून ठेवतो, ‘‘भिया, रात को दस मिनट देना.’’ शॉटच्या वेळी तेच गर्दी आवरतात. हेही कामच आहे, आणि याचं बिल लावता येत नाही.

‘मुंबईला का गेला नाहीस’ हे तू दर दिवाळीला विचारतोस, त्याचंही उत्तर देऊन टाकतो. आता काम थोडंफार इकडे येतं. 2018 चा ‘स्त्री’ चंदेरीत झाला, ‘पंचायत’ सिहोरजवळच्या महोडियात, आणि 2020 मध्ये राज्याचं फिल्म पर्यटन धोरण आल्यावर अनुदानासाठीही युनिटं येतात. इथलाच ऑपरेटर मिळाला तर त्यांचं प्रवासाचं आणि हॉटेलचं वाचतं. मात्र मोठ्या प्रोजेक्टवर डीओपी आपला माणूस मुंबईहूनच आणतो आणि मला दुसऱ्या युनिटवर किंवा त्याचा माणूस आजारी पडला तर बोलावतो. याचा राग यायचा, हल्ली येत नाही. मीही माझाच फोकस पुलर मागतोच की. बाकी वर्ष लग्नं, कंपन्यांच्या फिल्म, उज्जैनचे कार्यक्रम यांवर निघतं. 2028 च्या सिंहस्थाकडे इथला प्रत्येक कॅमेरावाला डोळे लावून बसलाय.

पैशाचं थोडक्यात. माझा दिवसाचा रेट वेगळा, किटचं भाडं वेगळं. पार्टी दोन्ही एकत्र करून घासाघीस करते. अटेंडंटचे पैसे त्याच संध्याकाळी माझ्या खिशातून जातात आणि माझे टीडीएस कापून दोन-तीन महिन्यांनी येतात. एका निर्मितीसंस्थेकडे तर गेल्या पावसाळ्याच्या आधीचं बिल अजून अडकलंय. फोन केला की अकाउंटवाले साहेब नेहमी जेवायला गेलेले असतात. पावसाळ्यात काम नसल्यात जमा. बँकेचा हप्ता मात्र आषाढातही पाच तारखेलाच जातो. चांगला परदेशी संच छोट्या फ्लॅटच्या किमतीला भिडतो, आणि तो विकत घेतला म्हणून कोणी फोन करत नाही. फोन येतो तो मागच्या शूटवर तुम्हाला पाहिलेल्या माणसाचा. भाच्याला अजून कोणी पाहिलंच नाहीये. जामिनाच्या कागदाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे.

म्हणून त्याला माझ्याकडे पाठव. देवउठनी (कार्तिकी) एकादशीपासून इथे लग्नांचा आणि शूटचा हंगाम सुरू होतो, तेव्हापासून होळीपर्यंत राहू दे. आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे, आईला जेवायला घालायला कोणीतरी हवंच असतं. पहिले काही आठवडे तो माझ्या मागे व्हेस्ट धरून चालेल, यंत्र टेकवायचा डॉकिंग स्टँड उचलेल, बॅटऱ्या चार्ज करेल. मी अटेंडंटला देतो तेच पैसे त्यालाही देईन. सुट्टीच्या दिवशी सकाळी इथल्या लालबागला जाऊन मोकळ्या जागेत रिग घालून चालू दे: सरळ रेषेवर, मग उलटं, मग समोर माणूस चालवून. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटांत घामाघूम होऊन व्हेस्ट काढेल, त्याला हसू नकोस. सगळ्यांचं तसंच होतं. होळीनंतरही त्याला हेच करायचं असेल, तर जुना संच शोधायला मीच त्याच्याबरोबर मुंबईला येईन. व्हेस्ट तेवढा नवा आणि मापाचा घ्यायचा, दुसऱ्याचा व्हेस्ट कमरेला बसत नाही. तेव्हा तू सही कर. लागलं तर दुसरा जामीन मी होतो.

ताईला हे वाचून दाखवताना फिजिओथेरपिस्टचं वाक्य गाळ. भाऊजींना मात्र पैशाचा भाग जरूर वाच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू

ता. क. त्याला म्हणावं, जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज आणू नकोस, पायाखालची जमीन कळत नाही. पातळ, पकड असलेले, घोट्याला घट्ट बसणारे आण. आणि गाडी सकाळची असेल तर स्टेशनवर पोहे खाऊ नको म्हणावं, घरी केलेले असतील.