पाणी झटकणारा पृष्ठभाग बुडबुडे धरून ठेवतो

महोदय,

हायड्रोजन इंधनाविषयीच्या लेखनात एक समज अधूनमधून डोकावतो: पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन मिळवताना विद्युताग्रावर, म्हणजे द्रवात वीज नेणाऱ्या पट्टीवर, पाणी झटकणारा लेप दिला की वायूचे बुडबुडेही त्यावरून चटकन निसटतात आणि विजेची बचत होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच्या नेमके उलट घडते.

पाण्यात बुडालेल्या पृष्ठभागाने पाण्याला थारा दिला नाही, तर ती जागा वायू बळकावतो. टेफ्लॉनसारख्या पदार्थावर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या आतून करते तो कोन, ९० अंशांहून अधिक असतो. तिथे जन्मलेला बुडबुडा तळाशी पसरतो, शेजारच्या बुडबुड्यांना सामावून घेतो आणि उत्प्लावक बल त्याला उचलण्याइतके वाढेपर्यंत, म्हणजे अनेकदा काही मिलिमीटर रुंद होईपर्यंत, ठाण मांडून बसतो. सुटतानाही तो थोडा वायू मागे ठेवतो आणि पुढचा बुडबुडा त्यावरच वाढू लागतो. याउलट, ज्या निकेलवर पाणी सहज पसरते, तिथे बुडबुड्याच्या पायाशी पाणी शिरते आणि तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका असतानाच सुटतो. असे असंख्य बुडबुडे निघू लागले की द्रावण दुधाळ दिसते.

बुडबुड्याने झाकलेल्या भागावर अभिक्रिया जवळजवळ थांबते, उरलेल्या भागावर विद्युतधारेचा ताण वाढतो आणि द्रावणाचा रोधही चढतो. पाण्याच्या विघटनाला २५ अंश सेल्सिअसला सिद्धान्ताने १.२३ व्होल्ट पुरतात, तर कारखान्यातील घटांना, म्हणजे विघटनाच्या पात्रांना, साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. या तफावतीचे सगळे खापर बुडबुड्यांवर फोडता येणार नाही, कारण तिचा मोठा वाटा धनाग्रावरील (धन विद्युताग्रावरील) ऑक्सिजनच्या संथ अभिक्रियेचा आहे. तरी धारा वाढवत गेले की बुडबुड्यांचा हिस्साही वाढत जातो. फ्लोरिनच्या निर्मितीत तर याचे टोकाचे उदाहरण सापडते. तिथे कार्बनच्या धनाग्रावर कार्बन-फ्लोराइडचा पातळ थर बसतो, वितळलेला क्षार त्याला ओलावू शकत नाही, आणि भिंगासारखे चपटे बुडबुडे पृष्ठभागाला इतके चिकटतात की घट चालवण्यासाठी बराच जादा विद्युतदाब (व्होल्ट) मोजावा लागतो.

असे असले तरी पाणी झटकणारे पदार्थ या कामी निरुपयोगी आहेत, असे मुळीच नाही. विद्युताग्राजवळच्या द्रवात विरघळलेला वायू अतिसंपृक्त होतो, म्हणजे द्रवात मावेल त्याहून अधिक साठतो, आणि त्याला बुडबुड्याचे रूप घ्यायला सोयीची जागा लागते. ओलसर राहणाऱ्या विद्युताग्रावर टेफ्लॉनचे विरळ ठिपके ठेवले, तर वायू त्या ठिपक्यांवर गोळा होतो आणि आसपासची धातू अभिक्रियेसाठी मोकळी राहते. याहून मला पटणारी युक्ती सच्छिद्र टेफ्लॉनच्या पडद्याची आहे: विद्युताग्राच्या पाठीशी तो लावला की द्रव त्याच्या छिद्रांत शिरत नाही, वायू मात्र बुडबुडा न बनता त्यातून परस्पर बाहेर निघून जातो. मात्र पलीकडच्या दाबाचा तोल ढळला आणि छिद्रांत द्रव शिरला, तर ही सोय संपते.

तेव्हा अशा लेपांच्या बातम्या देताना लेप संपूर्ण विद्युताग्रावर आहे की ठिपक्यांत, आणि फायदा किती विद्युतधारेला मोजला, एवढे दोन तपशील तरी वार्ताहरांनी संशोधकांना विचारून छापावेत, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक