छोट्या मैफलीतील डबल बासचा खर्ज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील कॅफे, छोटी सभागृहे आणि शहराबाहेरच्या वायनरी अशा ठिकाणी अधूनमधून पन्नास-साठ श्रोत्यांपुढे जॅझचे लहान कार्यक्रम होतात. पियानो किंवा गिटार, ड्रम्स, कधी सॅक्सोफोन आणि त्यांच्या जोडीला माणसाच्या उंचीचे डबल बास, असा त्यांचा साधारण संच असतो. मी हे वाद्य गेली अनेक वर्षे हौसेने वाजवतो. त्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत कसा पोहोचवायचा, याबाबत आयोजक, ध्वनिव्यवस्था पाहणारे आणि आम्ही वादक अशा तिघांच्याही हातून तीच ती चूक होताना पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या हिवाळ्यातील एक प्रसंग सांगतो. सभागृह साधारण सात मीटर लांबीचे, खाली गुळगुळीत फरशी आणि एका बाजूला पूर्ण काच. ‘आमच्याकडे सगळी व्यवस्था आहे, तुम्ही फक्त वाद्य घेऊन या,’ असे आयोजकांनी सांगितल्यामुळे मी माझा छोटा ॲम्प्लिफायर आणि प्रीॲम्प (वाद्याचा संकेत पुढच्या यंत्रणेत जाण्याआधी सावरणारी छोटी पेटी) दोन्ही घरीच ठेवले. तिथे पोहोचल्यावर पिकअपची, म्हणजे वाद्याचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या साधनाची, वायर थेट मिक्सरमध्ये गेली. तार छेडली तेव्हा स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यावर नखाने वाजवावे तसा कोरडा, टकटक आवाज आला. मिक्सरवर बसलेल्या तरुणाने खालच्या सुरांचे बटन पूर्ण फिरवले आणि तो आवाज दोन्ही कोपऱ्यांत ठेवलेल्या १८ इंची सबवूफरमधून, म्हणजे केवळ खर्जासाठीच्या मोठ्या स्पीकरमधून, सोडला. पुढचा दीड तास मोकळी डी तार वाजली की काचेचे तावदान थरथरत होते आणि बाकीचे सूर कुठे विरले ते मलाही कळत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतील एक वयोवृद्ध तबलावादक जवळ आले आणि म्हणाले, “वाद्य दिसलं छान, पण सूर एकही कळला नाही हो. नुसता घुमारा येत होता.” ज्यांनी आयुष्यभर डग्ग्याची आस जपली, त्यांचे हे शब्द मला फार लागले.

त्या संध्याकाळी नेमके काय बिघडले हे समजून घेतले, तर पुढचे पुष्कळसे नुकसान टळेल. डबल बासवर सहसा पिएझो जातीचा पिकअप असतो. काही पिकअप घोडीच्या पंखांतील फटीत बसतात, काही घोडीच्या पायाखाली वरच्या फळीला लागून, तर ‘फिशमन फुल सर्कल’सारखा प्रकार घोडीची उंची कमी-जास्त करणाऱ्या चाकातच बसवलेला असतो. तारेचे कंपन घोडीतून जाताना पिकअपवर दाब पडतो आणि त्यातून विजेचा संकेत तयार होतो. हा संकेत मोठा नाजूक असतो. पिकअप स्वतः एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा (विजेचा भार साठवणाऱ्या घटकासारखा) वागतो, आणि ज्या यंत्रात तो जोडला जातो त्याचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या संकेताला होणारा विजेचा अडथळा, जितका कमी, तितके खालचे सूर गळून पडतात. पिकअपची धारिता (भार साठवण्याची क्षमता) एक नॅनोफॅरड धरली, तर मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटवर सुमारे १६ हजार हर्ट्झच्या खालचे सारे उत्तरोत्तर क्षीण होत जाते. १ मेगाओहमवर ही सीमा १६० हर्ट्झवर येते आणि १० मेगाओहमवर ती १६ हर्ट्झपर्यंत उतरते. डबल बासच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास बोलतात. त्या दिवशी या चारही तारांचा मूळ स्वर बहुतांशी मिक्सरच्या दारातच अडला होता, आणि संकेताचा जो भाग आत शिरलाच नाही तो बटन फिरवून परत कसा मिळणार?

यावरचा उपाय साधा आहे. पिकअप आणि पुढची यंत्रणा यांच्यामध्ये उच्च इनपुट इम्पिडन्सचा, शक्यतो १० मेगाओहमपर्यंतचा, प्रीॲम्प असावा. त्याला हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे सूर अडवणारा) आणि फेज बदलण्याचा, म्हणजे संकेत उलटा करण्याचा, खटका असेल तर सोन्याहून पिवळे. हाय-पास फिल्टर ३५ ते ४० हर्ट्झच्या आसपास ठेवला की सर्वांत खालच्या ई तारेला फारसा धक्का लागत नाही, पण व्यासपीठावरील पावलांची धडधड आणि तार ओढताना वाद्याला बसणारा हेलकावा स्पीकरपर्यंत जात नाही. नव्या वादकाकडे पैसे मोजकेच असतील तर त्याने महागड्या ॲम्प्लिफायरच्या आधी असा प्रीॲम्प घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माइक लावावा की पिकअप, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लाकडाचा खरा नाद माइकच पकडतो, यात शंका नाही. गज फिरवून वाजवताना तर पिकअपचा आवाज बहुधा खरखरीत लागतो आणि माइकची उणीव फार जाणवते. परंतु छोट्या जागेत ड्रम्स हाताच्या अंतरावर असतात, आणि वाद्याला अडकवलेल्या कंडेन्सर माइकमध्ये बासबरोबर झांजांचाही आवाज भरभरून शिरतो. शिवाय आवाज थोडा वाढवला की माइक शिट्टी मारू लागतो. म्हणून चौघांच्या संचात पाया पिकअपचा ठेवावा आणि श्रोत्यांकडच्या स्पीकरमध्ये माइकचा आवाज चवीपुरता मिसळावा. फक्त पियानो आणि बास अशी जोडी असेल तेव्हा मात्र मी पिकअपची वायर काढून ठेवतो आणि एका चांगल्या माइकवर निर्धास्तपणे वाजवतो.

आता ॲम्प्लिफायरविषयी. आयोजक आधी वॅट विचारतात. शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, त्यामुळे १०० वॅट आणि २०० वॅट यांतला फरक आकड्यांवरून वाटतो त्यापेक्षा कानाला बराच लहान लागतो. ८ किंवा १० इंची स्पीकरचा, १०० ते ३०० वॅटचा, एका हाताने उचलता येईल असा कॉम्बो (ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत) पन्नास-साठ श्रोत्यांच्या बंद खोलीला पुरतो. वजनाचा विचारही गौण नाही, कारण डबल बास रिक्षात मावत नाही. मोटारीची पुढची सीट आडवी करून तो आत सरकवल्यावर उरलेल्या जागेत जे बसेल तेच सोबत नेता येते. वायनरीच्या उघड्या अंगणात मात्र हिशेब बदलतो. तिथे खालच्या सुरांना भिंतींचा आधार नसतो आणि ते वाऱ्यावर पसरून जातात, त्यामुळे तिथे मोठा स्पीकर मागणे रास्त आहे.

बंद खोलीत हाच आधार जाच होतो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर सात मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४९ आणि ७३.५ हर्ट्झचे सूर अडकून घुमतात. ४९ हर्ट्झ म्हणजे ई तारेवरचा जी, आणि ७३.५ म्हणजे जवळजवळ मोकळी डी तार. त्या संध्याकाळी काचेचे तावदान डी तारेलाच का थरथरत होते, याचे उत्तर मला घरी परतल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा मिळाले. सबवूफर कोपऱ्यात ठेवले होते, म्हणजे घुमण्याला जास्तीत जास्त खतपाणी मिळेल अशाच ठिकाणी. अशा वेळी बटनांशी झगडण्याआधी स्पीकर भिंतीपासून दूर घ्यावा, तो जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर किंवा खुर्चीवर चढवावा, आणि तरीही एखादा सूर उसळत असेल तर तेवढाच सूर नॉच फिल्टरने खाली आणावा. संपूर्ण खर्ज कापून टाकला तर बासचे बासपणच जाते.

वाद्य स्वतः आवाजाला प्रतिसाद देते, ही दुसरी अडचण. डबल बास ही एक मोठी पोकळ पेटी आहे. ॲम्प्लिफायरचा आवाज तिच्या वरच्या फळीवर आदळला की फळी पुन्हा कंप पावते, ते कंपन पिकअपमध्ये जाते आणि एक लांबच लांब हुंकार सुरू होतो. फेजचा खटका उलटा केल्यावर हा हुंकार पुष्कळदा तिथल्या तिथे थांबतो. ॲम्प्लिफायर पाठीमागे न ठेवता थोडा बाजूला आणि कानाच्या उंचीजवळ आणला, तर वादकाला स्वतःचे सूर स्वच्छ ऐकू येतात आणि मग तो आवाज वाढवत बसत नाही. पट्टीवर पडदे नसलेल्या वाद्यात सूर हा कानावरच लावायचा असतो. कानच झाकला गेला, तर हात कितीही तयार असला तरी बोट सरकणारच.

हा प्रश्न आपल्याच गावातला किंवा आजचा आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील बासवादक एव्हरेट हल यांनी १९४० च्या दशकात वाद्याच्या तळाच्या खुंटीतून माइक आत बसवण्याची युक्ती काढली. ‘ॲम्प्लिफाइड पेग’ (पेग म्हणजे खुंटी) या शब्दांवरूनच ‘ॲम्पेग’ हे त्यांच्या ॲम्प्लिफायर कंपनीचे नाव आले. आतड्याच्या तारा जाऊन पोलादी तारा रुळल्या, आवाज वाढवण्याची साधने सुधारत गेली, तसा तारांचा पट्टीपासूनचा उंचावा कमी झाला आणि वाजवण्याची ढबही बदलली. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा संच भारतात आला तेव्हा बासवर युजीन राइट होते, आणि १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरू लागला. मुंबईपासून तीन-चार तासांवर राहणाऱ्या आपल्या शहराने या संगीताला चांगली ध्वनिव्यवस्था द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

शेजाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खालचे सूर भिंत ओलांडून शेजारच्या घरात सहज पोहोचतात, हे ज्यांच्या शेजारी मंगल कार्यालय आहे त्यांना सांगायला नको. नाशिक ढोल रस्त्यासाठी जन्मला आणि तिथे त्याचा दणदणाट शोभतो; पण डबल बासने साठ माणसांच्या खोलीत पियानोशी बोलायचे असते. ड्रम्स वाजवणारा ब्रशने वाजवत असेल, तर बासला ॲम्प्लिफायरचा जेमतेम टेकू पुरतो.

आयोजकांना माझी विनंती आहे की कार्यक्रम ठरवतानाच वादकाला विचारावे: पिकअप कोणता आहे, प्रीॲम्प सोबत आणणार का, स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे का. श्रोत्यांसाठी दारे उघडण्यापूर्वी निदान वीस मिनिटे केवळ बाससाठी राखून ठेवावीत, आणि त्या वेळी आयोजकांपैकी एकाने मागच्या रांगेत बसून ऐकावे. पावसाळ्यात तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण दमट हवेत वाद्याची फळी फुगते, तारा वर येतात आणि कालपर्यंत नीट बसलेला पिकअप आज वेगळा बोलतो.

ज्या सभागृहचालकांना किंवा ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांना हे प्रत्यक्ष करून पाहायचे असेल, त्यांच्याकडे मी वाद्य आणि प्रीॲम्प घेऊन एखाद्या सकाळी यायला तयार आहे. त्यांच्या खोलीत नेमका कोणता सूर घुमतो आणि स्पीकर कुठे ठेवला म्हणजे तो निवतो, हे तासाभरात सापडते. त्या ज्येष्ठ तबलावादकांनाही मी पुन्हा बोलावणार आहे.

आपला नम्र,
एक डबल बासवादक,
नाशिक