देजॉनहून मित्रास पत्र

देजॉन, दक्षिण कोरिया
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘तू तिथे रुळलास का?’ असे तू विचारले आहेस. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

सोयींच्या बाबतीत म्हणशील तर तक्रारीला जागा नाही. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला २०१९ पासून इथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात सामील व्हावेच लागते, त्यामुळे साध्या तापासाठी डॉक्टरकडे जाताना खिशाचा विचार करावा लागत नाही. हिवाळ्यात घराची फरशीच खालून तापते. अडचण आहे ती निराळीच. या समाजात प्रत्येकाची एक पायरी ठरलेली असते आणि माझी कोणती, हे मलाही माहीत नसते आणि माझ्याशी बोलणाऱ्यालाही.

पहिल्या भेटीतच इथे वय विचारतात. त्यात भोचकपणा मुळीच नसतो. समोरचा मोठा की लहान हे कळल्याखेरीज कोरियन भाषेत क्रियापदाचा शेवट कसा करायचा, हेच ठरत नाही. जुन्या रीतीप्रमाणे मूल जन्मतःच एक वर्षाचे मानले जाई आणि दर एक जानेवारीला सगळ्यांचेच वय एकदम वाढे. तू डिसेंबरचा आणि मी त्यापुढच्या जानेवारीचा. म्हणजे त्या हिशेबाने तू माझ्याहून चक्क वर्षाने मोठा! जून २०२३ पासून कायद्याने सरकारी कामकाजात जगभरची पद्धत आणली, तरी शाळाप्रवेश, लष्करी सेवा आणि दारूची विक्री यांसाठी अजूनही जन्माचे सालच धरतात. माणसे एकमेकांना जोखतात तीही सालावरूनच.

प्रयोगशाळेतल्या सर्वांचे रात्रीचे जेवण असते तेव्हा हे सगळे डोळ्यांसमोर मांडलेले दिसते. वडीलधाऱ्याचा पेला धाकट्याने भरायचा, तोही दोन्ही हातांनी. पिताना मान किंचित वळवायची. मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय जेवायला सुरुवात करायची नाही. मी दारू घेत नाही, हे परदेशी म्हणून सहज खपून जाते. माझ्या कोरियन सहकाऱ्याला तेवढ्याच गोष्टीसाठी दहा सबबी सांगाव्या लागतात. ही मोकळीक मला आवडते, खोटे कशाला बोलू? पण जेवणानंतर धाकटी मुले मोठ्यांना ‘ह्योंग’, म्हणजे दादा, म्हणून गळ्यात पडतात, तेव्हा माझ्या वाट्याला डॉक्टर ही पदवीच येते. ज्याला नियमांतून सूट मिळते, त्याला त्या नियमांतून येणारी माया मिळत नाही.

माणसे सूट देतात, यंत्रे मात्र देत नाहीत. पासपोर्टावर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले आहे आणि इथली बहुतेक नावे तीन अक्षरांत संपतात. ऑनलाइन काही विकत घ्यायचे तर ओळखपत्र, मोबाइल आणि बँक या तिन्हींकडचे नाव जसेच्या तसे जुळावे लागते. एका बँकेने माझे नाव जागेअभावी मध्येच तोडले आणि पुढचे कित्येक आठवडे संगणकाच्या लेखी मी ‘मी’ नव्हतोच.

कचऱ्यापुढे तेवढे सगळे समान आहेत. १९९५ पासून घरचा कचरा पालिकेने ठरवून दिलेल्या, विकत घेतलेल्या पिशवीतच टाकावा लागतो; खरकटे वेगळे. आमच्या इमारतीत तर खरकट्याच्या पेटीला कार्ड दाखवले की झाकण उघडते, वजन होते आणि त्याचे पैसे महिन्याच्या बिलात लागतात. खालच्या मजल्यावरच्या आजींशी माझी ओळख झाली ती तिथेच. चहाचा चोथा खरकट्यात जात नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितले आणि वय विचारायचे मात्र त्यांच्या लक्षातच आले नाही.

खाण्याचे विचारशील, तर शाकाहार अवघड आहे. भाजीच्या सारातही सुक्या मासळीचा अर्क असतो आणि किमचीत, म्हणजे इथल्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, खारवलेली कोळंबी किंवा माशाचे पाणी. अपवाद बौद्ध मठांतल्या स्वयंपाकाचा. तिथे मांस-मासळी तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. आईला हे फोनवर सांगितले तेव्हा तिला कोरिया एकदम चातुर्मासातला वाटू लागला.

गेल्या मंगळवारी तुमच्याकडे अनंत चतुर्दशी होती, त्याच दिवशी इथे छुसॉक होता. हा कापणीचा सण. घरोघरी नव्या तांदळाचे पदार्थ मांडून पितरांना नमस्कार करतात आणि कबरींवरचे गवत त्याआधीच काढून ठेवतात. आपल्याकडे बाप्पाला निरोप दिल्यावर पितृपक्ष लागतो, म्हणून मला त्यात फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते रिकाम्या इमारतीचे. सगळे आपापल्या मूळ गावी, थोरल्या भावाच्या घरी गेलेले. या सणात प्रत्येकाला जाण्यासाठी एक घर आणि त्या घरात उभे राहण्यासाठी एक ठरलेली जागा असते. परदेशी माणसाला तीन दिवसांची सुट्टी असते. मी तीत कपडे धुतले आणि लालबागच्या विसर्जनाचे थेट प्रक्षेपण पाहिले. तेव्हा रुळलो का, तर कामात, बाजारात आणि कचऱ्यात रुळलो, सणात नाही.

तू ऑक्टोबरच्या अखेरीस येणार असशील तर उत्तम. जवळच्या केर्योंगसान डोंगरावर तेव्हा मेपलची पाने लाल होतात आणि इंचॉन विमानतळावरून देजॉनला थेट बस आहे. फक्त सीताफळे आणण्याचा मोह टाळ, ताजी फळे विमानतळावरच काढून घेतात. तारीख नक्की झाली की लगेच कळव, म्हणजे मठातल्या मुक्कामासाठी आधीच नाव नोंदवता येईल. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
नंदन