बोनेटवर हात ठेवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय. "नाव छापलंत तर उद्या माझ्या दारात गाड्यांची रांग लागंल, आणि ही मला जेवायला घालायची नाय." म्हणून नुसतं काका. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं डिझेल इंजिनं खोलून निवृत्त झालेले काका, एवढं पुरे. ओळखणारे ओळखतील.

सोलापूर ते मंगळवेढ्याजवळची माझी शाळा, जाऊन येऊन रोजचे सव्वाशे किलोमीटर. जुनी डिझेल गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मला फक्त दोन गोष्टी कळत होत्या, रंग आणि हप्ता. शेजारच्या मॅडमनी तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही गाडीबद्दल काही न विचारता आधी विचारलंत, "बाई, रोज किती चालणार?" आकडा ऐकून मान डोलावलीत. "मग डिझेल घ्या. सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरायचं असतं तर घरी पाठवलं असतं." बीएस-6, म्हणजे 2020 पासूनच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीला धुरातली काजळी धरणारी जाळी असते, छोट्या-छोट्या फेऱ्यांत ती जळून साफ होत नाही आणि तुंबते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या बजेटमध्ये 2020 च्या आधीच्याच गाड्या बसत होत्या, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

पहिली गाडी आठवते? पांढरी सेडान, धुऊन-पुसून, टायरला काळं पॉलिश. विकणारे चहा मागवत होते आणि तुम्ही काही न बोलता बोनेटवर पालथा हात ठेवून उभे राहिलात. मला वाटलं, आशीर्वाद देताय की काय. "गरम हाय. आम्ही यायच्या आधी कुणी चालू केली?" त्यांनी काहीतरी सांगितलं, कुणीतरी गाडी हलवली म्हणे. तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी सातला येतो. तोवर चावी लावू नका की."

परतताना स्कूटरवर मागे बसून तुम्ही मला जे समजावलंत ते मी आता शाळेत विज्ञानाच्या तासाला सांगते. पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेल नुसत्या दाबाने पेटतं. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल जळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह गळायला लागले की दाब कमी पडतो, आणि ते सगळ्यात आधी दिसतं गार इंजिनात. गरम इंजिन सगळं झाकतं. दुसऱ्या दिवशी सातला ती सेडान स्टार्टर कुंथत-कुंथत चालू झाली आणि पांढरा धूर चांगला तीन-चार मिनिटं थांबेना. मग तुम्ही चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलंत. ते झाकण थडथड उडायला लागलं, खालून भात शिजताना झाकण उडतं तसं. सिलिंडरातला वायू रिंगांना चुकवून खाली तेलात उतरतोय, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही झाकण लावलंत, हात पुसलेत आणि विकणाऱ्यांना म्हणालात, "चहा छान होता."

दुसऱ्या गाडीत मूर्ख मीच. तुम्हाला न विचारता पाच हजार इसार देऊन बसले. फक्त 62 हजार किलोमीटर, आतून नवीकोरी, मी भाळले. तुम्ही इंजिनाकडे गेलातच नाही. मागच्या सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत ओढलात. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मग सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिलेत, गंजलेले. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलंत तर बारीक रेती. पासिंग एमएच-10, म्हणजे सांगली. ऑगस्ट 2019 चा तिकडचा महापूर तुम्ही उच्चारलातही नाही. मी रडवेली झाले तेव्हा एवढंच म्हणालात, "पाण्यातून निघालेली गाडी चालती बी चांगली. दोन पावसाळे. मग वायरिंग एकेक करून जायला लागतं, आणि ते कुणालाच सापडत नाय." आपल्याकडेही 2020 च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला होता, तेव्हा एमएच-13 पाहून निर्धास्त होऊ नका, हेही तुमचंच. इसारातले तीन हजार परत मिळाले. दोन हजार माझ्या शिकवणीची फी.

तिसरी ती जी आज माझ्या दारात उभी आहे. 2014 ची स्विफ्ट, 1248 सीसी. फियाटचं हे 1.3 मल्टिजेट इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं आहे, त्यामुळे पार्टला आणि मिस्त्रीला तोटा नाही, हे तुमचं पहिलं कारण. दुसरं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. (रेनॉची डस्टर गाडी बघायला गेलात तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, असं तुम्ही माझ्या नवऱ्याला तीनदा सांगितलंत. बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बिल नसेल तर बेल्ट बदललाच नाही असं धरायचं.)

डिपस्टिक बाहेर काढली तेव्हा तेल डांबरासारखं काळं निघालं आणि मी मागे सरले. तुम्ही हसलात. डिझेलचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. भ्यायचं ते चहाच्या रंगाच्या, फेसाळ तेलाला, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. इतकी साधी गोष्ट. पण काळं तेल पाहून चांगली गाडी सोडणारे आणि झाकणाखालचा लोण्यासारखा थर न पाहता वाईट गाडी घेणारे, दोन्ही आमच्या स्टाफरूममध्येच आहेत.

मग त्या चार बाटल्या. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि सलाइनच्या नळ्या तुम्ही पिशवीतून काढल्यात तेव्हा गाडीमालकांनाही मजा वाटली. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी. चारही इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळं बाटलीत घ्यायचं आणि पातळी बघायची. एकीत दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. चौघांचं काम निघालं की बिल पाच आकडी. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या आणि तुम्ही त्या दिवशी दुसऱ्यांदा हसलात. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकटा नाही ना, हे मात्र टॉर्च मारून पाहिलंतच. तांब्याचं वॉशर गळलं की तो चिकटा साचतो आणि इंजेक्टर पुढे बाहेर निघत नाही.

तुळजापूरच्या घाटाची कल्पना कुणालाच सुचली नसती. गाडीत चार माणसं, एसी चालू, मे महिन्याची दुपार, आणि मागे माझा नवरा मोटारसायकलवर, फक्त धुराचा रंग बघायला! निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, चढ लागताना एखादा काळा झुरका चालतो. घाट चढून आल्यावर त्याने हेल्मेट काढून जाहीर केलं, "दोनदा काळा, बाकी काही नाही. आणि मी भाजलोय." टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शिट्टी हलकी असली तर ठीक, सायरनसारखी वाजली तर दांडा खिळखिळा. त्याच्या पाइपच्या आत तेलाचा ओलसर हात चालतो, पण तेल साचलेलं नको. आणि घाटातून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू ठेवा. ही सवय मला तेव्हापासून लागली आहे. शाळेच्या गेटवर मुलं विचारतात, बाई, उतरत का नाही?

दोष निघाले तेही तुम्ही लपवले नाहीत. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन लगेच मेलं पाहिजे. ते रेंगाळलं, म्हणजे क्लच संपत आलाय. दोन टायरवर 1817 असा आकडा होता, म्हणजे 2017 च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी शाबूत, पण रबर कडक. त्या दोन गोष्टींवर तुम्ही आवाज न चढवता चाळीस हजार कमी करून घेतलेत. मी मास्तरीण असून मला ते कधी जमलं नसतं.

कागदांचं वाटलं होतं, ते काम तुमचं नव्हे. पण आरसी हातात घेऊन तुम्ही थेट खालची ओळ वाचलीत. कर्ज फिटून वर्षं झाली होती, आरसीवर बँकेचा एचपी, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद, तसाच. "फॉर्म 35 आणि बँकेचं एनओसी घेऊन आधी तो उतरवा. तोवर पूर्ण पैसे नाय." मालक भले गृहस्थ, तीन आठवडे धावपळ करून त्यांनी ते केलं. मग मालकी बदलायचे फॉर्म 29, 30 आणि चासीवर कोरलेला नंबर आरसीशी जुळवणं. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करून घेतला. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, हे ऐकून थोडं वाईट वाटलं खरं. आरसी 2029 पर्यंत आहे. पुढचं नूतनीकरण, पर्यावरण कर, तेव्हा बघू. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघाले म्हणून भावजी घाबरवत होते. तुम्ही विचारलंत, "तुमची शाळा दिल्लीत हाय काय बे?" त्यांना 'बे' म्हणालात, मला नाही, याची मी नोंद घेतली आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चादर आणली तर म्हणालात, सोलापूरकराला सोलापुरात चादर? शेवटी काकूंनीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, उलट मलाच. म्हणून हे पत्र.

आणि एक काम आहे. आमच्या शाळेतल्या एका मॅडमना होटगी रोडवर एक गाडी आवडली आहे. त्यांना मी इसार द्यायला बंदी घातली आहे. रविवारी पावणेसातला तुम्हाला घ्यायला येते. तिथे पोचल्यावर बोनेटवर आधी हात मी ठेवणार.

तुमची,
मंगळवेढ्याची बाई