वाडा पाडण्याआधी त्याची नोंद तरी होऊ द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीच्या निमित्ताने जुन्या नाशकातील रस्ते, घाट आणि धोकादायक वाडे यांच्या बातम्या आपल्या दैनिकात सतत येत आहेत. वाडा ठेवायचा की उतरवायचा, भाडेकरूंचे काय करायचे, गावठाणातील क्लस्टर विकास, म्हणजे अनेक जुन्या घरांचा एकत्रित पुनर्विकास, कधी मार्गी लागणार, यावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु वाडा उतरवण्याआधी त्याची नोंद कोणी करून ठेवणार आहे का, हे विचारताना कोणी दिसत नाही. माझी सारी नोकरी भूमापन खात्यात गेली आणि गावठाणातील बोळांतून मोजणीची फीत घेऊन मी बराच हिंडलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला इतरांपेक्षा अधिक टोचत असावा. त्याविषयी लिहिताना कॅनडातील लुनेनबर्ग या लहानशा बंदरगावाचा दाखला देत आहे. परदेशाचे दाखले वाचून वाचक कंटाळतात, हे मी जाणून आहे. तथापि तिथल्या रंगीत लाकडी घरांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही, ते काम पर्यटन कंपन्या चोख करतात. मला सांगायचे आहे ते त्या गावाच्या दप्तराविषयी.

नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्सपासून सुमारे शंभर किलोमीटरवर हे गाव आहे. 2021 च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती जेमतेम चोवीसशे, म्हणजे आपल्या महापालिकेच्या एका प्रभागातही ती कुठल्या कुठे हरवून जाईल. मुलाच्या नोकरीमुळे त्या भागात राहण्याचा योग आला, तेव्हा मी हे गाव पाहिले, आणि जुन्या सवयीने माझे लक्ष आधी भूखंडांकडे गेले. 1753 मध्ये इंग्रजांनी हे गाव वसवले ते नकाशा आधी आखून. उतारावर काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांतून तयार झालेले चौकोनी गट, आणि प्रत्येक गटात चाळीस बाय साठ फुटांचे चौदा भूखंड. जमीन कशी आहे याचा विचार न करता सरळ पट्टीने ओढलेल्या रेषा असल्यामुळे काही रस्ते इतके चढाचे झाले आहेत की माझ्या वयाच्या माणसाला मध्येच थांबून समुद्र पाहण्याचे निमित्त काढावे लागते. वसाहतीसाठी आणलेली माणसे मुख्यतः जर्मन आणि स्विस प्रदेशांतील व फ्रेंच सीमेवरच्या माँबेलियार भागातील प्रोटेस्टंट शेतकरी-कारागीर होती. कोणाला कोणता भूखंड मिळणार हे हॅलिफॅक्समध्येच चक्क खेळायचे पत्ते काढून ठरले होते. पहिल्याच हिवाळ्यात या मंडळींनी बंडही करून पाहिले. ही मूळ आखणी आजही जागेवर जशीच्या तशी मोजता येते, आणि प्रामुख्याने याच कारणासाठी युनेस्कोने 1995 मध्ये जुन्या लुनेनबर्गला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

शेतकरी म्हणून आणलेल्या या माणसांची मुले-नातवंडे पुढे मासेमारीत आणि जहाजबांधणीत शिरली. 1921 मध्ये इथल्या गोदीतून पाण्यात उतरलेले ‘ब्लूनोज’ हे शिडाचे जहाज इतके नावाजले गेले की 1937 पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर शिडाचे जहाज आले ते आजही आहे. पण वैभवाची ही बाजू कोणतेही गाव जपते. बंदराच्या काठावर काळ्या ग्रॅनाइटचे खांब होकायंत्रातील दिशांप्रमाणे मांडून उभे केले आहेत आणि समुद्रावरून परत न आलेल्यांची नावे त्यांवर सालवार कोरली आहेत. 1926 आणि 1927 या लागोपाठच्या दोन वर्षांच्या ऑगस्टमध्ये सेबल बेटाजवळ वादळे झाली आणि या गावची जहाजे माणसांसकट बुडाली. त्या वर्षांच्या नावांवरून बोट फिरवत गेले की तीच आडनावे पुन्हा पुन्हा येतात, आणि एकेका घरातून किती माणसे गेली असतील याचा अंदाज यायला लागतो. तिथे भाषण नाही, विशेषणे नाहीत. नाव, साल आणि जहाज एवढ्याने काम भागले आहे.

अशी नोंद हाताशी असली की तिचा उपयोग किती व्यवहारी असतो, हे तिथल्या सेंट जॉन्स चर्चच्या बाबतीत दिसले. 1754 मध्ये बांधायला घेतलेले हे लाकडी चर्च 2001 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या रात्री जळाले. वाचलेले लाकूड, जुनी मापे आणि छायाचित्रे यांच्या आधारे चार वर्षांत ते पुन्हा उभे राहिले. वेदीच्या वरच्या छतावर रंगवलेले सोनेरी तारे कसे मांडलेले होते, हे छायाचित्रांवरून ताडून पाहताना खगोलशास्त्राच्या अभ्यासकांचीही मदत घेतली गेली. आपल्याकडे एखादा वाडा कोसळला तर त्याच्या चौकाचे माप, खांबांची संख्या किंवा दिंडी दरवाजावरचे कोरीव काम यांचा एक तरी कागद कोणाकडे निघेल का? लाकूड मात्र लगेच जाते. सागवानाच्या तुळया, नक्षीचे कोनाडे आणि झुंबराच्या कड्या यांना मुंबई-पुण्याच्या बाजारात उत्तम गिऱ्हाईक आहे.

लुनेनबर्गमध्ये हे काम सरकारने एकट्याने केलेले नाही. विन्थ्रॉप बेल हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांचे शिष्य, पहिल्या महायुद्धात जर्मनीत नजरकैदेत राहिलेले गृहस्थ. त्यांनी उत्तरायुष्यात या वसाहतीच्या कागदपत्रांचा ध्यास घेतला. कोणते कुटुंब कोणत्या जहाजाने आले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, शिधा कोणाला मिळाला, कोणता भूखंड कोणाच्या नावे लागला, हे त्यांनी कुटुंबवार टिपून ठेवले आणि या वसाहतीचा त्यांनी लिहिलेला इतिहास 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञानाच्या माणसाने वारस नोंदी कराव्यात, याचा माझ्यासारख्या माजी कर्मचाऱ्याला मनातून आनंद झाला, हे लपवत नाही. आज त्या भागातील वंशावळ अभ्यासकांच्या मंडळात कोणीही आडनाव सांगितले की तिथल्या स्वयंसेवक बाई फायली काढून देतात. दुसरीकडे, नोंदणीकृत वारसा मिळकतीत मोठा फेरबदल करायचा तर प्रांताच्या कायद्यानुसार आधी नगरपरिषदेची मंजुरी घ्यावी लागते. टेकडीवरची 1895 ची भव्य लाकडी शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनी इमारत ओस पडू न देता तिथे सार्वजनिक ग्रंथालय आणि संगीताचे वर्ग आणले गेले.

तिथे सारे आलबेल आहे, असे मुळीच म्हणायचे नाही. या गावाचा इतिहास 1753 पासून सांगण्याची खोड तिथे दीर्घकाळ होती. त्याआधी त्याच खाडीवर मिगमॉ या मूळ रहिवाशांचा वावर होता, अकेडियन म्हणवणाऱ्या फ्रेंच भाषकांची वस्ती होती आणि त्या जागेचे नाव मर्लिगेश होते. 1755 पासून अकेडियनांना तर त्या प्रांतातूनच हुसकावून लावण्यात आले. भूखंडाचा पहिला धारक म्हणून ज्याचे नाव दप्तरी लागते तो त्या जमिनीवरचा पहिला माणूस असतोच असे नाही, हे मोजणी खात्यातला कोणीही सांगेल. लुनेनबर्गमध्ये आता हा आधीचा भाग सांगितला जाऊ लागला आहे, उशिरा का होईना.

आपल्याला तर या बाबतीत फार मोठा वारसा आहे. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी आणि राजमाता यांच्या नावाची एक आज्ञा कोरलेली आहे. भिक्षूंना पूर्वी कखडी गावात दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वस्तीत राहिलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे प्राचीन माप) जमीन द्यावी, असा त्याचा आशय आहे. जमीन कोणती, का बदलली, बदल्यात किती दिली, सारे त्यात आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा फेरफार आजच्या तलाठ्यालाही समजावून सांगावा लागणार नाही. पुढे हेच शहर गुलशनाबाद झाले, पेशवाईत पुन्हा नाशिक झाले, सरकारवाडा उभा राहिला, नारोशंकराच्या देवळात पोर्तुगिजांकडून मिळवलेली घंटा आली. विजयानंद नाट्यगृहात 1909 मध्ये इंग्रज कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. हे ठळक प्रसंग शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. पण तांबट लेनमध्ये कोणाच्या ओसरीवर ठोक्याचा आवाज शेवटपर्यंत राहिला, 1969 च्या महापुरात भांडी बाजारात कोणाच्या जोत्याला पाणी लागले, सत्याग्रहासाठी बाहेरगावाहून आलेले लोक कुठे उतरले, हे सांगणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत. गोदावरीचा पूर आपण नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतो, ती खूण चांगलीच आहे. पण गल्लीतल्या घरांच्या भिंतींवर पुराच्या ज्या रेषा होत्या त्या नव्या गिलाव्याखाली गेल्या.

यातील बरीच सामग्री अजून हाताशी आहे. नगर भूमापनाच्या चौकशी नोंदवह्या, मिळकत पत्रिका आणि सनदा यांवरून एखादे घर किती हातांतून गेले हे बऱ्याच मागेपर्यंत सांगता येते. तीर्थोपाध्यायांच्या घरी गावागावांतून आलेल्या यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. अशी कुटुंबवार नोंद बेल यांच्या हाती आयती लागली असती तर त्यांनी सोन्याने मढवली असती. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे आहे. मोडी वाचणारे थोडे आहेत, पण आहेत. कमतरता आहे ती हे सारे एका मिळकतीच्या नावाखाली एकत्र आणण्याची. भूमापन क्रमांक हाच धागा धरला तर हे काम होते, कारण मालक बदलतो, घराचे नाव बदलते, क्रमांकाचा माग मात्र काढता येतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. धोकादायक म्हणून ज्या वाड्याला नोटीस दिली जाईल, त्याची मोजमापे, आतून-बाहेरून छायाचित्रे, मिळकत पत्रिकेची नक्कल आणि राहणाऱ्यांचे एक टिपण झाल्याशिवाय तो उतरवण्याची परवानगी देऊ नये. जीविताला तातडीचा धोका असेल तेव्हा अर्थातच माणसे आधी बाहेर काढावीत. पण नोटीस आणि प्रत्यक्ष पाडकाम यांत पुष्कळदा महिने जातात आणि एका वाड्याचे हे काम दोन माणसांना दोन दिवसांत उरकते. शहरातील वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी मोजणीला मिळतील, निवृत्त भूमापक तर फुकट मिळतील, त्यात पहिले नाव माझे लिहावे. घरमालकांच्या मनात अशी भीती असते की नोंद झाली की वाडा वारसा यादीत अडकेल आणि विकासाचा हक्क जाईल. ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याखेरीज एकही दार उघडणार नाही, म्हणून नोंदीचा आणि यादीचा काही संबंध नाही, हे पालिकेने लेखी जाहीर करावे. नामावळ्यांच्या बाबतीत उपाध्ये मंडळींची संमती आणि त्यांच्या व्यवसायाचा मान राखूनच पुढे जावे लागेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. रविवारच्या अंकात दर आठवड्याला जुन्या नाशकातील एका घराचे छायाचित्र भूमापन क्रमांकासह छापावे आणि त्या घराविषयी ज्याला जे ठाऊक असेल ते पोस्टकार्डावर वा फोनवर कळवण्याचे आवाहन करावे. आलेला मजकूर वाचनालयाकडे सोपवावा. सुरुवात दहीपूल ते सराफ बाजार या पट्ट्यापासून करावी, कारण रस्त्याच्या कामांची खोदाई तिथेच आधी पोहोचण्याची शक्यता आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूमापक
पंचवटी, नाशिक