चिलिकाला तुम्ही माझ्याबरोबर यायचे आहे

भुवनेश्वर

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

हा विषय निघाला की फोनवर बाबा गप्प होतात आणि आई "बरं, ठेवू का?" म्हणते, म्हणून सगळे सविस्तर लिहूनच पाठवत आहे. नानाकाकांच्या मंडळींबरोबरच्या पुरी-कोणार्कच्या सहलीतून तुम्हा दोघांची नावे मी काढून घेतली आहेत आणि जानेवारीच्या शेवटी तुम्ही सरळ माझ्याकडे यावे, अशी विमानाची तिकिटेही काढली आहेत. दादाला हे माहीत होते, पण निर्णय माझा आहे, तेव्हा त्याच्यावर रागावू नका. भरलेल्या पैशांतली थोडी रक्कम कापली जाईल, बाकीची परत मिळेल. त्याचा हिशेब आईने वहीत मांडला तरी चालेल, पण त्यावरून मन खट्टू करून घेऊ नये.

बाबा, आपल्याला काय झाले आहे, आपण काय लहान आहोत का, हे तुम्ही म्हणालातच. तुम्ही लहान नाही, आणि नानाकाकांच्या गप्पांचे सुख मला देता येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण त्या सहलीचा कार्यक्रम मी नीट वाचला. त्यात सकाळी पुरीहून बसने पन्नासेक किलोमीटरवरच्या, चिलिका सरोवराच्या काठच्या सातपाड्याला जायचे, तिथून मोटारबोटीने डॉल्फिन आणि समुद्रमुख, म्हणजे सरोवर समुद्राला मिळते ती जागा, पाहून यायचे, जेवायचे आणि त्याच संध्याकाळी भुवनेश्वर गाठायचे, असे होते. ती बोटीची फेरी तीन-चार तासांची असते. बसायला फळी, डोक्यावर कापड, आणि आडोसा असा कुठेही नाही. तुम्ही सकाळी जी गोळी घेता, तिच्यानंतरचे दोन तास घरी कसे जातात ते आपल्या तिघांना माहीत आहे, म्हणून एवढेच लिहिते. त्या दिवशी गोळी घेणार नाही, असे तुम्ही म्हणाल. गाणगापूरच्या वेळीही तुम्ही नेमके हेच म्हणाला होतात. त्यात त्या सहलवाल्यांचा काही दोष नाही. त्यांना चाळीस माणसे घेऊन वेळेत फिरायचे असते, आणि मला फक्त दोन माणसे आहेत.

डॉल्फिन पाहायचे राहतील, याचे तुम्हाला वाईट वाटणार, हे मी धरून चालले आहे. इरावती डॉल्फिन आपल्या दाभोळच्या खाडीबाहेर दिसणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात; त्यांना लांब चोच नसते, डोके गोलसर असते आणि उड्या मारायची त्यांना हौस नसते. श्वास घ्यायला वर येतात तेव्हा पाठीचा थोडा भाग दिसतो आणि पुन्हा पाणी सपाट होते. सगळ्या चिलिकात ते दीडशेच्या आसपास आहेत. मी गेल्या हिवाळ्यात पाहून आले तेव्हा एक पाठ दिसताच पाच-सहा बोटी तिच्या दिशेने वळल्या, आणि इंजिनाच्या पात्यांनी या प्राण्यांना जखमा होतात हे माहीत असूनही आमच्या नावाड्याला थांबवणे मला जमले नाही. तुम्ही असता तर त्याला तिथेच दोन शब्द सुनावले असते, मग तुमचा रक्तदाब वाढला असता, आणि आईने मला. असो. सातपाड्याला चिलिका विकास प्राधिकरणाचे माहिती केंद्र आहे, तिथे हे सारे बसून, सावलीत पाहता येते; तुमची तब्येत चांगली असेल तर पुरीहून परतताना आपण गाडीने तिथवर जाऊ. बोटीत मात्र नाही.

आता आपण काय करणार आहोत ते सांगते. घरी दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची आणि मग गाडीने शंभरेक किलोमीटरवर असलेल्या बरकुलला जायचे. तिथे सरोवराच्या काठावर सरकारी पांथनिवास आहे. तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून मी आताच बोलून ठेवले आहे. कमोड, गरम पाणी आणि रात्री लागलाच तर ज्यादा पांघरुणाचा संच, हे सगळे विचारून घेतले आहे. आई, तुझ्या पोटाची काळजी करू नकोस. ओडिशात भात असतोच, आणि दालमा म्हणजे डाळीत भाज्या घालून केलेले फार सौम्य वरण असते, ते तुला आवडेल. बाबांनी चिलिकाची कोळंबी एकदाच खायची, तीही दुपारी. खेकड्याचा विषय काढायचा नाही.

बरकुलहून कालीजाईच्या बेटावर बोट जाते. आई, तू देवीचे विचारले होतेस, म्हणून लिहिते. लोक सांगतात की जाई नावाच्या मुलीचे लग्न सरोवरातल्या एका बेटावरच्या मुलाशी ठरले, बाप तिला होडीने सासरी पोचवायला निघाला आणि वादळात होडी उलटली. बाकीचे वाचले, ती मात्र सापडली नाही. पुढे तिथल्या नावाड्यांनी तिला देवी मानले आणि आजही त्या बाजूने जाताना तिचे नाव घेतात. मकर संक्रांतीला तिथे मोठी यात्रा भरते, म्हणूनच मी त्यानंतरच्या तारखा धरल्या. तुझी ओटीची तयारी तू करशीलच, पण नारळ गुहागरहून आणू नकोस. इथेही नारळ मिळतात. बाबांना बोट नको वाटली तर ते काठावरच्या बाकावर बसतील आणि आपण दोघी जाऊन येऊ.

या साऱ्या प्रवासातली मला सर्वांत जवळची जागा मात्र मंगलाजोडी आहे, आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच मी इतका खटाटोप केला. हे गाव चिलिकाच्या उत्तरेकडच्या टोकाला, भुवनेश्वरहून दीड-दोन तासांवर आहे. तिथे इंजिनाची बोट नाही. सपाट तळाची होडी एक माणूस बांबूने रेटत गवताच्या पाणवाटांतून नेतो आणि पाणी इतके उथळ असते की आईनेही भिण्याचे कारण नाही. तासाभरात आपण परत काठावर असतो. पूर्वी याच गावातले लोक पक्षी मारून विकत असत. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी केली आणि ज्यांना पक्ष्यांच्या बसायच्या जागा पाठ होत्या, तेच राखणदार आणि वाटाडे झाले. काळ्या शेपटीचे गॉडविट, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक हे सगळे तिथे दहा-पंधरा हातांवर निवांत चरत असतात. जानेवारीत साऱ्या चिलिकाची पक्षीगणना होते आणि अलीकडच्या वर्षांत तो आकडा दहा लाखांच्या वर जातो. नलबाणाचे पक्षी अभयारण्य सरोवराच्या मधोमध आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते, हिवाळ्यात वर येते आणि लांबूनच पाहावे लागते, म्हणून ते मी कार्यक्रमात घेतलेले नाही.

बाबा, वर्गात तुम्ही पूर्व किनाऱ्याचा नकाशा टांगून खाजण सरोवर शिकवायचात, तेव्हा मी शेवटच्या बाकावर तुमचीच मुलगी म्हणून उगाच ताठ बसलेली असे. ती वाळूची गोष्ट इथे प्रत्यक्ष समजते. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. किनाऱ्याच्या कडेने वाळू सतत उत्तरेकडे सरकत असल्यामुळे समुद्राकडचे तोंड बुजत आणि दूर ढकलले जात होते, दुसरीकडे दया आणि भार्गवी या नद्या गाळ आणत होत्या. खारेपणा कमी झाला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९८१ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेले हे सरोवर १९९३ साली धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत गेले. मग सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडाजवळ दांडा खणून नवे तोंड उघडले, खारे पाणी आत आले, मासळी काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढली आणि २००२ साली चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडले. आशियातली अशी ही पहिलीच पाणथळ. वाळू अजूनही सरकतेच आहे. खणलेले तोंड टिकवता येईल की पुन्हा खणावे लागेल, यावर तुमच्याशी काठावर बसून वाद घालायचा आहे, आणि तो बसच्या वेळापत्रकात मावणार नाही.

समुद्र दारात असताना इतक्या लांब वाळू पाहायला कशाला, हे आईचे म्हणणे मला पटते. पण ओडिशात गहिरमाथा इथे २०२१ साली खूण लावलेली ऑलिव्ह रिडले कासवी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली, हे बाबांनीच मला कात्रण पाठवून कळवले होते. ती तिकडे आली, तर तुम्ही इकडे यायला हरकत नसावी. (तिला गुडघेदुखी नव्हती, हे आई म्हणेल, मान्य.)

लहानपणी ओहोटीच्या ओल्या वाळूत माझे पाय भरले की बाबा मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत आणायचे, आणि आई दारातच तांब्या घेऊन उभी असायची. आता विमानतळावर मी तुमच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली आहे, तर बाबा, नाही म्हणू नका. ती तुमच्या पायांसाठी नाही, रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून आहे, आणि आई एकटी त्यात बसायला लाजेल. कोणार्क एक्सप्रेसचा विचार मी केला होता, पण दीड दिवसाहून अधिक वेळ डब्यात काढून येण्यात मला अर्थ दिसला नाही.

आता काही गोष्टी माझ्या मनासारख्या व्हायला हव्यात. गोळ्या मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवायच्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याबरोबर. बाबांनी काठी आणायची. ती छत्रीसारखी दिसते असे सांगून टाळायचे नाही. आई, होडीत राणी रंगाची साडी नको, पक्षी बिचकतात. ती नवी करड्या काठांची चालेल. कानटोपी दोघांनीही आणावी. पाण्यावर पहाटे फार गार असते आणि मंगलाजोडीला आपण उजाडतानाच पोचणार आहोत. आमसुले आणि मेतकूट आणले तर मी नको म्हणणार नाही, पण लोणच्याची बरणी खरोखरच नको.

नानाकाकांशी मी बोलले आहे. त्यांची मंडळी भुवनेश्वरला उतरतील त्या संध्याकाळी ती आपल्याकडे जेवायला येणार आहेत, तेव्हा भेट चुकणार नाही; पंधरा-वीस जणांचा भात लावायला आईची मदत लागेल.

तिकिटांच्या छापील प्रती दादा रविवारी आणून देईल. रक्ताच्या तपासण्या त्याआधी करून घ्या आणि अहवाल त्याच्याकडे द्या, तो मला फोटो पाठवील. बाबांना अजून काही पटत नसेल तर त्यांनी फोनवर गप्प न बसता मला स्पष्ट सांगावे. तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करता येईल, सहलीत नावे परत घालता येणार नाहीत.

तुमची,
चिमी